सरांचं क्रियापद

आत्याला तिच्या संस्थेत सगळे क्रियापदबाई म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण तिला ते ठाऊक आहे. ‘निदान बाई तरी म्हणतात,’ असं एकदा संध्याकाळी चपला काढता काढता ती मला म्हणाली, आणि मग भिंतीला हात टेकून तशीच थोडा वेळ उभी राहिली. संस्थेचा जिना उंच आहे. आपले गुडघे त्या जिन्याने खाल्ले असं ती सांगते. तक्रार म्हणून नाही, आज बस उशिरा आली हे सांगावं तशा आवाजात.

ती लिडियन भाषेच्या कोशाचं काम करते. ही भाषा बोलणारं शेवटचं माणूस जाऊन दोन हजार वर्षं तरी झाली असतील. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिमेकडे त्या लोकांचं राज्य होतं, राजे होते, नाणी होती. मागे उरले ते शंभराच्या आसपास लेख, त्यांतले बरेचसे फुटके, आणि पुष्कळसे थडग्यांवरचे. एखाद्या घरातलं सगळं बोलणं विरून जावं आणि फक्त दारावरची पाटी राहावी, तसं झालं आहे. त्या पाटीवरून आतली माणसं काय बोलत असतील ते ठरवायचं, हे आत्याचं काम. त्यातही क्रियापदं. ती तिने मागून घेतली नव्हती. वाटणी झाली तेव्हा कोणालाच नको होती, आणि ती तेव्हा सगळ्यांत नवीन होती.

नामं ज्या गृहस्थांकडे होती ते आत्याच्याच खोलीत, समोरच्या टेबलावर बसतात. त्यांना अर्थातच नामवाले म्हणतात. त्यांची नामं कधीच छापून झाली. घर, अंगण, पाणी, थडगं, असं एकेक नाम दगडावर पाय रोवून उभं असतं, त्याला ओळखायला फार त्रास पडत नाही असं आत्याचं मत. नामवाल्यांचं मत वेगळं आहे, पण ते काम संपवून बसलेले असल्यामुळे वाद घालायला त्यांना भरपूर वेळ असतो.

“बाई, माझी मुलं नोकरीला लागली,” ते म्हणतात. “तुमची अजून पाळण्यात.”

“तुमच्या मुलांना चालता कुठे येतं,” आत्या भिंगातून डोळा न काढता म्हणते. “माझी येईपर्यंत बसलीच आहेत की एका जागी.”

खोली लांबट आहे. एका बाजूला लोखंडी कपाटं, त्यांत ठसे. ओला कागद दगडावर थापायचा, ब्रशने ठोकून ठोकून अक्षरांच्या खाचांत बसवायचा, वाळला की सोलून काढायचा. दगड जिथे आहे तिथे राहतो आणि त्याची कातडी तेवढी आपल्याकडे येते. हा ठसा टेबलावर पसरायचा, पडदा ओढायचा आणि दिवा अगदी आडवा धरायचा. तिरक्या उजेडात अक्षरांना सावल्या फुटतात. समोरून उजेड टाकला तर काहीच दिसत नाही. आत्याचा उजवा खांदा दिवा धरून धरून थोडा वर आला आहे. शिंप्याला ते कळतं, बाकी कोणाला नाही.

क्रियापद सापडलं तरी त्याचा अर्थ त्यालाच विचारता येत नाही. शेजाऱ्यांकडे चौकशी करावी लागते. त्याच्या अलीकडे कोण उभं आहे, पलीकडे कोण आहे, दुसऱ्या दगडावर ते कोणाच्या संगतीत दिसलं. असं वर्षानुवर्षं विचारत हिंडलं की एखाद्याबद्दल थोडीशी खात्री वाटू लागते, आणि मग कुठूनतरी नवा तुकडा निघतो आणि सगळं परत पहिल्यापासून. अगदी नीट माहीत असलेली क्रियापदं थोडीच आहेत. दिलं. केलं. मोडलं. शिवाय शापातलं एक, नष्ट करो. कारण पुष्कळ थडग्यांवर शेवटी शाप असतो: जो कोणी या थडग्याला इजा करील त्याचं अंगण, घर, जमीन, पाणी, असेल नसेल ते सगळं देवी नष्ट करो.

“ती माणसं हसतही असतील ना?” मी एकदा विचारलं होतं.

“असतील. पण थडग्यावर कोण कोरतं ते,” आत्या म्हणाली. “मला भेटतात ती सगळी रागावलेली.”

एकच दगड त्याला अपवाद होता, आणि तो सरांचा होता.

सर म्हणजे आत्याचे गुरू. कोश त्यांनीच सुरू केला. तरुणपणी त्यांनी एका पडक्या थडग्याच्या दगडाचा ठसा घेतला. त्या दगडावर वर एक माणूस कोरलेला आहे, लोडाला टेकून पाय पसरलेला, हातात पेला. खाली एक ओळ. ओळीत थडगं हा शब्द आणि त्यानंतर एक क्रियापद, जे तोवर कुठेच आढळलं नव्हतं. ओळीची सुरुवात झिजून गेली आहे आणि क्रियापदानंतर दगड तुटला आहे. सरांनी त्या माणसाच्या चित्राकडे पाहिलं, ओळीकडे पाहिलं आणि अर्थ लावला: विसावणे. या थडग्यात तो विसावला आहे. त्या रागीट भाषेतलं पहिलं मायेचं क्रियापद, असं त्यांनी लिहिलं. ते सगळ्यांना पटलं. पटण्यासारखंच होतं.

सरांनी आयुष्यात पुष्कळ अर्थ लावले. पुढे आलेल्या लोकांनी त्यांतले बहुतेक एकेक करून खोडले. ज्याने खोडलं त्याला सर स्वतः पत्र पाठवून कळवत की तुमचं बरोबर आहे. ‘छान झालं, एक ओझं उतरलं,’ असं ते खोलीत येऊन म्हणत. पण आत्या सांगते की दर वेळी ते थोडे बारीक होत. शेवटी त्यांच्या नावावर तेवढं एकच क्रियापद उरलं.

आणि मग तो तुकडा आला.

उत्खननाच्या लोकांनी नेहमीप्रमाणे फोटो आणि ठसा आत्याकडे पाठवला, क्रियापदं तिच्याकडे म्हणून. हाताच्या पंजाएवढा दगड. त्यांचा स्वतःचा अहवाल निघायला अजून वर्षं जाणार होती. नामवाले त्या दिवशी दाढदुखीने घरी होते. आत्याने पडदा ओढला, दिवा आडवा धरला, आणि तिला सरांचं क्रियापद दिसलं. त्याच्या अलीकडे ‘जो कोणी’ होतं. मध्ये ‘हे थडगं’. पलीकडे देवी होती, आणि नष्ट करो. जे कोणी करू नये, ज्याच्यासाठी शाप द्यायचा, त्या जागेवर ते क्रियापद उभं होतं. मोडणे, फोडणे, फोडून आत शिरणे, असलं काहीतरी. तिने सरांच्या दगडाचा जुना ठसा काढला. तुटलेल्या कडेपाशी दिवा नेला. तिथे पुढे शापच होता, तो फक्त तुटून गेला होता. उरलेला अर्धा भाग आशीर्वादासारखा दिसत होता इतकंच.

ती दिवा मालवून बसून राहिली. तिला आनंद व्हायला हवा होता. इतक्या वर्षांत इतकी स्वच्छ जागा तिला कधी मिळाली नव्हती.

सर तेव्हा थकले होते. आठवड्यातून एकदा संस्थेत येत. जिना चढून आले की दारातच थांबत, श्वास जागेवर येऊ देत, मग खिडकीजवळच्या खुर्चीत बसत.

“माझं कसं आहे?” ते आत्याला विचारत. वसतिगृहात ठेवलेल्या नातवाची चौकशी करावी तसं.

“बरं आहे, सर.”

“नोंद झाली?”

“बघतेय.”

“घाई नको. पण मी आहे तोवर बघ.”

“सर, तुम्ही शंभरी गाठा,” नामवाले मध्ये बोलत. “बाई तोवर निम्म्यापर्यंत आलेल्या असतील.”

सर हसत. आत्याही हसत असे. मग ती खाली मान घालून दुसऱ्याच कुठल्यातरी शब्दाचा ठसा पसरत असे.

त्या एका नोंदीसाठी क्रियापदांचा खंड अडून राहिला. संचालक बैठकीत आत्याकडे न बघता ‘काही विभागांची गती’ असा शब्दप्रयोग करू लागले. कॉरिडॉरमध्ये कोणीतरी म्हणालं की बाई निवृत्तीपर्यंत पुरवून पुरवून खाणार. आत्याने ते ऐकलं. घरी येऊन तिने ते मला सांगितलंही, पण कारण सांगितलं नाही. मीही तेव्हा मनात धरलं होतं की आत्या मंद आहे, हळू चालणारी माणसं असतात तशी. तुकड्याचं तिने मला सांगितलं ते सगळं झाल्यावर, तेही एका बैठकीत नाही.

सर गेले ते झोपेत. संस्थेने एक दिवस कामकाज बंद ठेवलं. नामवाले त्या दिवशी एकही विनोद न करता खुर्चीत बसून होते, आणि निघताना म्हणाले, “बाई, आता ‘माझं कसं आहे’ असं विचारायला कोणी येणार नाही. आता तरी संपवा.” ते चिडवून म्हणत नव्हते.

काही दिवसांनी काकूंचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा फोन आला. आत्या भेटायला गेली. दफनभूमीत सरांच्या थडग्यावर उभा करायला काकूंनी दगड सांगून ठेवला होता. दगडावर सरांचं नाव येणार होतं, जन्माचं आणि मृत्यूचं साल येणार होतं, आणि त्याखाली तो शब्द, त्याच लिपीत.

“तुझ्या हाताने अक्षरं काढून दे,” काकू म्हणाल्या. “पाथरवटाला नमुना लागतो. मला ह्यांच्या कागदांत सापडला असता, पण ह्यांचं अक्षर ह्यांनाच वाचता येत नव्हतं.”

आत्या हो म्हणाली. का म्हणाली ते तिलाही नीट सांगता येत नाही. काकूंच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, टेबलावर सरांच्या औषधांच्या अर्ध्या संपलेल्या पट्ट्या तशाच होत्या, आणि नाही म्हणायला जेवढी ताकद लागते तेवढी त्या दुपारी तिच्याकडे नव्हती. तिने घरी येऊन स्वच्छ कागदावर शाईने अक्षरं काढली, उजवीकडून डावीकडे, आणि पाथरवटाकडे पोचवली.

त्यानंतर तिची झोप उडाली. दिवसा जेवताना तिचा हात मध्येच थांबे. इकडे संचालकांनी आता तारीखच ठरवून दिली होती. कोशात खरा अर्थ छापला तर सरांच्या थडग्यावर, त्यांच्याच कोशाच्या आधाराने, कोणालाही वाचता येईल असा घरफोडीचा शब्द राहणार. कोशात सरांचाच अर्थ ठेवला, तर ज्या कामासाठी तिने खांदा वाकडा करून घेतला त्यात तिच्याच हाताने खोटं जाणार. पूर्वी ती टाळू शकत होती. आता दगड आणि पुस्तक, दोन्हीकडून एकदम वेळ येऊन ठेपली होती.

ती आधी पाथरवटाकडे गेली. तिथे सोपं जाईल असं तिला वाटलं असावं. पत्र्याच्या छपराखाली तो तोंडाला फडकं बांधून बसला होता. सरांचा दगड ओट्यावर आडवा होता, नाव कोरून झालं होतं, सालं झाली होती, आणि खाली आत्याचा कागद चिकटवलेला.

“थोडे दिवस थांबा,” आत्या म्हणाली. “हा शब्द बहुतेक बदलेल.”

त्याने फडकं खाली ओढलं. “ताई, उद्या हाच घ्यायचा होता. उलटीकडून लिहितात म्हणे हे लोक. मी छिन्नी डाव्या हातात धरायची का काय, तेच बघत होतो.”

“सध्या कुठल्याच हातात धरू नका.”

“काही चुकलंय का?”

“हो.”

“अक्षरात?”

“अक्षर बरोबर आहे.”

“हे बघा, मला काय वाचता येतंय यातलं. दिलं ते कोरायचं. पण दगड आजींनी सांगितलाय. आजी म्हणाल्या तर थांबतो.”

म्हणजे काकूंकडे जाणं आलंच. ती तशीच तिथून गेली, घरी येऊन परत उठणं जमलं नसतं म्हणून.

काकू सरांच्या स्वेटरांच्या घड्या घालत होत्या. पलंगावर दोन ढीग होते, द्यायचे आणि ठेवायचे. ठेवायचा ढीग मोठा होता.

“ये. चहा टाकू?”

“नको काकू.”

“म्हणजे टाकते. नको म्हणणारी माणसंच जास्त वेळ बसतात.” पण त्या उठल्या नाहीत. “काय झालं? तोंड का असं?”

“काकू, तो शब्द दगडावर नको.”

“का? मावत नाही का?”

“मावतो. त्याचा अर्थ विसावणे असा नाही.”

काकूंनी हातातली घडी पुरी केली, ढिगावर ठेवली आणि वरून हात फिरवला.

“मग काय आहे?”

“मोडणे. फोडून आत शिरणे. थडग्याच्या बाबतीत जे करू नये, ते.”

“कोण म्हणतं असं?”

“मीच.”

“हे आज कळलं तुला?”

आत्याने नकारार्थी मान हलवली.

“ह्यांना माहीत होतं?”

“नाही. मी सांगितलं नाही.”

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं.

“म्हणजे ह्यांना तू सुखाने जाऊ दिलंस,” काकू म्हणाल्या. “आणि मला सांगायला आलीस. मी जाईपर्यंत थांबता आलं नाही? इतकं सांभाळलंस, आणखी थोडं.”

“आता नाही सांभाळवत, काकू. मी दमले.”

काकू उठल्या आणि आत गेल्या. आत्याला वाटलं, आता आपण जावं असा त्याचा अर्थ आहे. तिने पर्स उचललीही. पण आतून भांड्याचा आवाज आला, गॅस पेटल्याचा आवाज आला. काकू चहा घेऊन आल्या, बशीत बिस्किटं होती, आणि त्यांनी स्वेटर बाजूला सारून पलंगावरच मांडी घातली.

“आता मला सांग कसं कळलं ते. मला समजेल असं सांग. ह्यांच्यासारखं नको.”

आत्याने एक बिस्कीट मध्येच मोडलं. “हा सरांचा दगड. इथपर्यंत आहे. वर माणूस टेकून बसलाय, खाली ‘थडगं’ आणि हा शब्द. ओळीची सुरुवात झिजली, पुढचं गेलं.” तिने अर्धं बिस्कीट काकूंपुढे ठेवलं. मग दुसरं, अख्खं, त्याच्या खाली. “हा नवा तुकडा. लहान आहे, पण वाक्य पुरं आहे. जो कोणी हे थडगं अमुक करील, त्याला देवी नष्ट करो. त्या अमुकच्या जागी हाच शब्द आहे. तिथे विसावणे चालेल का? जो कोणी इथे विसावेल त्याचं वाटोळं होवो?”

काकू वाकून बिस्किटांकडे बघत होत्या. “आणि मग तो टेकून बसलेला माणूस?”

“तो नुसता बसलाय. खालचं वाक्य त्याच्याबद्दल नव्हतंच. त्याला त्रास देणाऱ्याबद्दल होतं.”

“हं.” काकूंनी अर्धं बिस्कीट उचलून चहात बुडवलं आणि खाऊन टाकलं. “हे ह्यांना दाखवलं असतंस तर कळलं असतं?”

“लगेच.”

“मग का नाही दाखवलंस?”

“तेवढं एकच राहिलं होतं त्यांचं. मला वाटलं, झेपणार नाही त्यांना.”

“ह्यांना?” काकूंचा आवाज पहिल्यांदाच चढला. “माझ्याशी जन्मभर संसार झेपला, त्यांना तुझा एवढासा दगड झेपला नसता? वाईट वाटलं असतं. वाटलंच असतं. एक-दोन दिवस धड जेवले नसते, माझ्यावर उगाच ओरडले असते. मग सकाळी उठून, शर्ट उलटा घालून, तुझ्याशी भांडायला आले असते. तो जिना दोन-दोन पायऱ्या करत चढले असते.” त्या थांबल्या. “शेवटी शेवटी ह्यांच्याशी कोणी भांडतच नव्हतं गं. डॉक्टर हो म्हणायचा. मुलगा फोनवर हो म्हणायचा. मीही म्हणायला लागले होते. संस्थेतून येऊन म्हणायचे, आज पण सगळे गोड बोलले. म्हणजे आपलं काही खरं नाही म्हणायचे.”

आत्याने कप खाली ठेवला. तिला सरांच्या आठवड्यातून एकदाच्या त्या सगळ्या भेटी आठवल्या असतील, खिडकीजवळची खुर्ची, आणि ‘बघतेय, सर’. मला हे सांगताना तिने इथे वाक्य अर्धवट सोडलं, आणि पुढचं दुसरीकडूनच सुरू केलं.

“माझी चूक झाली, काकू.”

“झाली,” काकू म्हणाल्या. “आता चहा पी. निवला.”

मग थोड्या वेळाने त्या आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, “तसा शब्द काही वाईट बसत नाही म्हणा. सगळा जन्म दुसऱ्यांच्या थडग्यांत डोकं खुपसण्यात गेला ह्यांचा.” आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. काकूंच्या तोंडाचा कोपरा हलत होता. दोघी हसल्या, फार नाही, दमलेली माणसं हसतात तेवढंच.

“ठेवायचा का मग?” आत्याने विचारलं.

“नको. लोक विचारणार, खाली काय लिहिलंय. खरं सांगावं तर ते तसलं, आणि खोटं सांगावं तर माझ्या ते लक्षात राहत नाही. काही नको. नाव पुरे.” त्यांनी एक स्वेटर उचलला, उलटसुलट करून पाहिला, द्यायच्या ढिगावर ठेवला, परत उचलून ठेवायच्या ढिगावर टाकला. “पुस्तकात काय घालणार?”

“आधी सरांचा अर्थ, त्यांच्या नावासकट. त्याखाली माझा.”

“चुकलेलाही छापता तुम्ही?”

“छापतो. ज्याने लावला त्याचं नाव घालून. म्हणजे पुढचा माणूस त्याच वाटेने जाऊन वेळ घालवत नाही. सरांनीच घातलेली पद्धत आहे.”

“कमाल आहे. घरी मीठ जास्त पडलं तर ह्यांनी कधी कबूल केलं नाही की आमटी ह्यांनी केली होती.” काकूंनी थोडा विचार केला. “तुझ्या अर्थापुढे प्रश्नचिन्ह घाल.”

“घालणारच आहे.”

“ह्यांच्यापुढे नको. ह्यांना त्यात काही प्रश्न नव्हता.”

नोंद आत्याने दुसऱ्या दिवशीच लिहिली. इतका काळ अडून राहिलेलं काम एका सकाळीत झालं, त्याचाच तिला जास्त थकवा आला. आधी सरांचा अर्थ, प्रश्नचिन्हाशिवाय. मग तिचा, प्रश्नचिन्हासकट. खंड छपाईला देताना नामवाल्यांनी ती नोंद वाचली, चष्मा वर केला, आत्याकडे पाहिलं, आणि तुकडा संस्थेत आल्याची तारीख परत एकदा वाचली. ते हुशार आहेत. त्यांनी हिशेब केला असणार.

“बाई,” ते म्हणाले, “आम्ही तुम्हाला इतकं बोललो.”

“बोललात खरं.”

“सांगायचं नाही का?”

“तुम्हाला सांगितलं असतं तर सरांना तुमच्या तोंडावरून कळलं असतं,” आत्या म्हणाली. “आणि ते बरं झालं असतं, असं आता वाटतंय.” तिने पुढचा ठसा पसरला. क्रियापदं संपली असली तरी पुरवणी होती.

दगड बसवला त्या दिवशी आत्याबरोबर मीही गेले होते. ढगाळ हवा होती. दफनभूमीतली वाट चढाची, आणि आत्या व काकू दोघीही दर वळणावर आळीपाळीने थांबत होत्या, जणू दुसरीसाठीच थांबतोय असं दाखवत. पाथरवटाने दगड आधीच उभा केला होता आणि तो पायाशी सिमेंट लिंपत होता. वरच्या निम्म्या भागात सरांचं नाव आणि सालं. खालचा निम्मा भाग कोरा. दोन मजकुरांसाठी कापलेल्या दगडावर एकच मजकूर होता, आणि ते दिसत होतं. काही खोडलंय की काय असं वाटावं इतकं दिसत होतं.

आत्या त्या कोऱ्या भागाकडेच बघत होती. तिथे तिने स्वतः काढलेली अक्षरं येणार होती.

“आजी, खाली फार मोकळं वाटतंय,” पाथरवट म्हणाला. “एखादी वेल काढून देऊ का? इथल्या इथे होईल.”

“कशाला वेल,” काकू म्हणाल्या. “राहू दे. ती जागा मला लागेल.”

पाथरवटाने थापी खाली ठेवली. मग त्याने खिशातून टेप काढली, कोऱ्या भागावर आडवी धरली, मग उभी, आणि मान वर करून काकूंना त्यांचं पूर्ण नाव विचारलं. काकूंनी सांगितलं. त्याने बोटांनी अक्षरं मोजली.

“पुरेल,” तो म्हणाला.

“मग झालं तर,” काकू म्हणाल्या. “घाई नाहीये.”